याहूने ‘नाही’ म्हटलं तेव्हा

आपल्या रेडिओवर आपण आजवर बचत गटांच्या, दूध संघांच्या, पापड-मसाल्याच्या उद्योगांच्या गोष्टी ऐकल्या. आजची गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतली आहे. पण तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपला उद्योग बरा चाललेला असतो, पूर्वीइतका जोरात नसतो, आणि एक दिवस मोठा व्यापारी दारात येतो. म्हणतो, “सगळं आम्हाला देऊन टाका, बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त देतो.” अशा वेळी काय करायचं? हो म्हणायचं की नाही? आणि ते ठरवायचं कुणी?

२००८ साली याहू नावाच्या कंपनीपुढे हा प्रश्न उभा राहिला. विचारणारी कंपनी होती मायक्रोसॉफ्ट. याहूने नकार दिला. त्या नकाराला लोक अजून हसतात. व्यापार शिकवणाऱ्या वर्गात “असं करू नका” म्हणून तो दाखला देतात. आम्हाला मात्र वाटतं, की हिशेब नीट मांडला तर गोष्ट तेवढी सोपी नाही. म्हणून ती पहिल्यापासून सांगतो.

आधी याहू म्हणजे काय ते पाहू. आपल्यातल्या कुणाचा भाऊ, कुणाचा दीर पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत जाऊन नोकरीचा अर्ज पाठवत असेल, तर त्याचं ईमेलचं खातं बहुधा याहूचं असायचं. ही कंपनी जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. १९९४ साली ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. इंटरनेट तेव्हा नवं होतं. कुठली माहिती कुठे आहे ते सापडायचं नाही. या दोघांनी पानांची यादी करायला घेतली, विषयवार कप्पे पाडले. किराणा दुकानात डाळी एका फळीवर, साबण दुसऱ्या फळीवर लावतात, तसं. लोकांना ते उपयोगी पडलं. १९९५ साली कंपनी झाली आणि १९९६ च्या एप्रिलमध्ये तिचे शेअर बाजारात आले.

जेरी यांग मूळचा तैवानचा. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. आईने दोन मुलांना वाढवलं आणि जेरी दहा वर्षांचा असताना ती त्यांना घेऊन अमेरिकेत आली. आई इंग्रजी शिकवणारी होती, पण जेरीला तेव्हा इंग्रजीतला एकच शब्द येत होता, ‘शू’, म्हणजे बूट. त्या मुलाने पुढे जगभर नाव झालेली कंपनी उभी केली. हे एवढ्यासाठी सांगितलं, की ‘नाही’ म्हणणारा माणूस कोण होता हे आपल्याला कळावं. कंपनी त्याच्या हाताने घडलेली होती.

आता २००८ कडे येऊ. तोवर गूगल पुढे निघून गेली होती. लोक काही शोधायचं झालं तर गूगलवर जायचे, आणि जिथे लोक तिथे जाहिराती, जिथे जाहिराती तिथे पैसा. याहूची मिळकत चालू होती, कोट्यवधी लोक तिच्या पानांवर येत होते, पण वाढ मंदावली होती. जानेवारी २००८ मध्ये याहूने सुमारे १,००० लोकांना कामावरून कमी करणार असं जाहीर केलं. यांग आदल्याच वर्षी, जून २००७ मध्ये, कंपनीचा मुख्य अधिकारी झाला होता.

मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळी होती. संगणकाच्या आतली व्यवस्था विकून ती श्रीमंत झाली होती, पण इंटरनेटवरच्या शोधात आणि जाहिरातीत गूगल, याहू यांच्या मागे तिसरी होती. दोघींनी एकत्र यावं आणि गूगलला तोंड द्यावं, असा तिचा विचार. वर्षभर आधीही तिने विचारणा केली होती, तेव्हा याहूने आत्ता वेळ नाही असं सांगितलं होतं. या वेळी तिने गुपचूप बोलणी न करता १ फेब्रुवारी २००८ रोजी देकार जगजाहीर केला.

देकार होता एका शेअरला ३१ डॉलर. अर्धे पैसे रोख, अर्ध्याचे मायक्रोसॉफ्टचे शेअर. सगळं मिळून ४,४६० कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास.

शेअर म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. गटातल्या दहा जणींनी मिळून पिठाची चक्की घेतली, प्रत्येकीने सारखे पैसे घातले, तर चक्कीचा दहावा हिस्सा एकीचा. तो हिस्सा म्हणजे शेअर. चक्की चालली की हिश्श्याची किंमत वाढते, बंद पडली की घटते. याहूचे असे हिस्से शंभर कोटींहून जास्त होते आणि ते रोज बाजारात विकले जात. देकाराच्या आदल्या दिवशी एका हिश्श्याचा भाव होता १९ डॉलर १८ सेंट. मायक्रोसॉफ्ट ३१ देत होती, म्हणजे ६२ टक्के जास्त. बाजारात ६० हजारांना जाईल अशी म्हैस कुणी दारात येऊन ९७ हजारांना मागावी, तसं हे होतं.

अशा वेळी घरातली जाणती बाई काय म्हणते? एक म्हणते, “बाई, देऊन टाक, असा गिऱ्हाईक परत यायचा नाही.” दुसरी म्हणते, “थांब. हा एवढे का देतोय? त्याला असं काय दिसलंय जे आपल्याला दिसत नाही?” दोघींचंही बोलणं खरं असतं.

याहूच्या संचालक मंडळाने दहा दिवस घेतले आणि ११ फेब्रुवारीला जाहीर केलं, की हा देकार कंपनीची किंमत फार कमी धरतो. त्यांनी कारणं सांगितली. आमचं नाव जगभर आहे, आमच्याकडे येणारे लोक प्रचंड आहेत, जाहिरातीच्या नव्या व्यवस्थेत आम्ही पैसे घातलेत, आणि दुसऱ्या कंपन्यांमध्ये आमची मोठी गुंतवणूक आहे. हे शेवटचं कारण लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा हिशेब तिथेच फिरतो.

त्याच सुमारास मंडळाने आणखी एक ठराव केला. कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली आणि त्यानंतर कामगारांना काढलं, तर प्रत्येक पूर्णवेळ कामगाराला भरपाई मिळेल. याहूत तेव्हा सुमारे १४ हजार लोक काम करत होते. वरवर पाहता हा कामगारांच्या भल्याचा ठराव. पण त्यामुळे विकत घेणाऱ्याचा खर्च वाढणार होता, म्हणजे गिऱ्हाईक पळवून लावायची ती युक्तीही होती. यावरून डेट्रॉइट शहरातल्या पोलीस, अग्निशमन आणि इतर कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडांनी याहूवर दावा लावला. त्यांचं म्हणणं, की मंडळ भागधारकांचं नुकसान करतंय.

इथे जरा थांबू या. शेअरवाले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुटाबुटातला श्रीमंत माणूस येतो. पण याहूचे हिस्से पोलिसांच्या, बंब चालवणाऱ्यांच्या म्हातारपणाच्या पैशातूनही घेतलेले होते. यांग आणि फायलो या दोघांकडे मिळून सुमारे १० टक्के हिस्से होते. बाकीचे इतरांचे. ज्यांनी घडवलं त्यांचा जीव कंपनीत अडकलेला, आणि ज्यांचा पैसा त्यांना भाव हवा. दोन्ही बाजूंना धरून चालणं हेच संचालक मंडळाचं काम असतं आणि तेच सगळ्यांत अवघड.

मग घासाघीस सुरू झाली. ५ एप्रिलला मायक्रोसॉफ्टने तीन आठवड्यांची मुदत दिली. मुदत टळली. मायक्रोसॉफ्ट ३३ डॉलरपर्यंत चढली. याहू ३७ वर अडून बसली. मधलं अंतर ४ डॉलरचं. ३ मे रोजी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी देकार मागे घेतला. बाजार उघडल्यावर एका दिवसात याहूचा शेअर सुमारे १५ टक्के पडला.

आठवडी बाजारात आपण हे रोज पाहतो. भाव धरून ठेवणारी बाई चुकतेच असं नाही. पण गिऱ्हाईक खरंच उठून निघालं तर आपण काय करणार, हे तिने आधी ठरवलेलं असावं लागतं. याहूने ते पुरतं ठरवलेलं नव्हतं, असं आम्हाला वाटतं. जूनमध्ये तिने गूगलशीच करार केला. आपल्या पानांवर काही ठिकाणी गूगलच्या जाहिराती दाखवायच्या आणि पैसे मिळवायचे. म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्यामुळे अडचण आली, त्याच्याच खांद्यावर हात ठेवला. अमेरिकन सरकारने हरकत घेतली, की एवढ्या मोठ्या दोघांनी हातमिळवणी केली तर बाजारात स्पर्धा उरणार नाही. सरकार कोर्टात जाणार असं दिसल्यावर ५ नोव्हेंबरला गूगल करारातून बाहेर पडली.

भागधारक चिडलेले होतेच. कार्ल आयकान नावाच्या बड्या गुंतवणूकदाराने हिस्से विकत घेतले आणि सगळं संचालक मंडळच बदलायची तयारी केली. जुलैत समझोता झाला. आयकान आणि त्यांच्या बाजूचे दोघे अशा तीन जागा द्यायचं ठरलं. १ ऑगस्टला वार्षिक सभा झाली. आधी जाहीर झालं की यांगच्या विरोधात १५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. काही दिवसांनी कळलं, की मोजणीत गफलत होती. खरी विरोधी मतं सुमारे एक तृतीयांश होती. सख्यांनो, सभेत कागद वाचून न घेता हात वर करणाऱ्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जिथे कोट्यवधींचा व्यवहार चालतो तिथेही मतं पुन्हा मोजावी लागतात.

मग सप्टेंबरमध्ये जगभर मंदी आली. बँका बुडाल्या, सगळ्यांचेच शेअर कोसळले. नोव्हेंबरमध्ये याहूचा शेअर १० डॉलरच्या खाली गेला. ज्याला ३३ डॉलर मिळत होते, त्याला आता १० ही मिळेनात. १७ नोव्हेंबरला यांगने मुख्य अधिकाऱ्याचं पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर याहूत दोन बायका प्रमुख झाल्या. जानेवारी २००९ मध्ये कॅरॉल बार्ट्झ आल्या. त्यांनी जुलैत मायक्रोसॉफ्टशीच दहा वर्षांचा करार केला. याहूवर शोध घेतला की मागे यंत्रणा मायक्रोसॉफ्टची चालणार, आणि पहिली काही वर्षं जाहिरातीच्या उत्पन्नातला ८८ टक्के वाटा याहूला. म्हणजे मायक्रोसॉफ्टला जे हवं होतं त्यातलं बरंचसं कंपनी विकत न घेताच मिळालं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये मंडळाच्या अध्यक्षाने बार्ट्झ यांना फोनवरून काढून टाकल्याचं कळवलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईला समोर बसवून सांगायचंही कुणाला सुचलं नाही. जुलै २०१२ मध्ये मारिसा मेयर आल्या. नेमणूक झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. दोघींच्याही हाती आलेलं काम सोपं नव्हतं. घसरणीला लागलेली गाडी कुणी धरली तरी अशीच धरावी लागते.

पुढे आणखी मोठा घाव बसला. २०१३ आणि २०१४ साली चोरांनी याहूच्या खात्यांची माहिती चोरली होती, हे २०१६ मध्ये बाहेर आलं. २०१३ च्या चोरीत सगळीच्या सगळी, सुमारे ३०० कोटी खाती सापडली होती, हे तर २०१७ मध्ये कळलं. तोवर व्हेरायझन नावाच्या टेलिफोन कंपनीने याहूचा धंदा विकत घ्यायचं ठरवलं होतं. चोरी उघड झाल्यावर तिने ३५ कोटी डॉलर कमी केले. जून २०१७ मध्ये व्यवहार पुरा झाला. किंमत ४४८ कोटी डॉलर.

आता आकडे शेजारी ठेवा. २००८ साली ४,४६०. २०१७ साली ४४८. एक शून्यच गळून पडलं. म्हणून लोक हसतात. दहापट मिळत होते, हट्टापायी घालवले, असं म्हणतात. पण हा हिशेब कच्चा आहे, आणि तो कच्चा का, हेच आज सांगायचं होतं.

आपण म्हशीचं उदाहरण घेतलं होतं ना? २००८ साली मायक्रोसॉफ्ट मागत होती ती गाभण म्हैस होती. २०१७ साली व्हेरायझनला विकली ती म्हातारी म्हैस, आणि तिचं रेडकू त्या व्यवहारात नव्हतंच.

हे रेडकू म्हणजे चीनमधली अलिबाबा कंपनी. जॅक मा तिचा संस्थापक. १९९७ साली यांग चीनला गेला होता तेव्हा याच जॅक माने त्याला चीनची भिंत दाखवायला नेलं होतं. पुढे २००५ साली याहूने अलिबाबात १०० कोटी डॉलर घातले, आपला चीनमधला धंदाही दिला, आणि बदल्यात सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. २००८ साली त्या हिश्श्याची खरी किंमत बाजाराला कळलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टला कंपनी विकली असती तर हा हिस्साही तिच्यासोबत गेला असता.

नकारामुळे तो याहूकडे राहिला. २०१२ साली त्यातला साधारण निम्मा भाग अलिबाबालाच परत विकला, त्याचे सुमारे ७६० कोटी डॉलर आले. २०१४ साली अलिबाबाचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आले, तेव्हा आणखी काही विकून ९०० कोटींहून जास्त आले. तरीही सुमारे १५ टक्के हिस्सा उरला. २०१७ साली धंदा व्हेरायझनला गेल्यावर हा उरलेला ऐवज अल्ताबा नावाच्या कंपनीत ठेवला गेला. त्या एकट्या अल्ताबाची किंमत तेव्हा मायक्रोसॉफ्टने देऊ केलेल्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त भरत होती.

म्हणजे यांग शहाणा आणि बाकीचे मूर्ख, असं का? तसंही नाही. ज्याने २००८ च्या मंदीत घाबरून १० डॉलरला शेअर विकला, त्याचं नुकसान झालंच. ज्याला थांबणं परवडलं, त्याला पुढे भरपाई मिळाली. गरज असलेल्याला थांबता येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सोयाबीन घरात ठेवून भाव चढायची वाट पाहणारा आणि कर्जाच्या हप्त्यासाठी खळ्यावरच विकणारा, दोघांच्या शेतात पीक तेच असतं. शिवाय रेडकू वाढलं ते चीनमध्ये, अलिबाबाच्या लोकांच्या कष्टाने. याहूचा स्वतःचा धंदा मात्र नकारानंतर सावरला नाही. ‘आमची किंमत जास्त आहे’ असं म्हटल्यावर ती किंमत कामातून दाखवायची असते. तिथे याहू कमी पडली.

हे दुसऱ्या एका नकाराशी ताडून पाहा. २००६ साली खुद्द याहूच दुसऱ्याच्या दारात गेली होती. फेसबुक तेव्हा दोन वर्षांची लहान कंपनी. याहूने तिच्यासाठी १०० कोटी डॉलर देऊ केले. फेसबुकचा संस्थापक मार्क झुकरबर्ग २२ वर्षांचा होता. त्याने नाही म्हटलं. २०१२ साली फेसबुक शेअर बाजारात आली तेव्हा तिची किंमत १०,००० कोटी डॉलरच्या वर धरली गेली. नकार दोघांचाही. एकाचा धंदा नकारानंतर वाढत गेला, दुसऱ्याचा घटत गेला. नकार बरोबर की चूक हे त्या दिवशी ठरत नाही, पुढच्या वर्षांत काय काम होतं त्यावर ठरतं.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातल्या बऱ्याच जणी महिलांच्या उत्पादक कंपनीच्या सभासद आहेत. आपल्या कायद्यात उत्पादक कंपनीचे शेअर बाजारात कुणालाही विकता येत नाहीत. सभासद व्यक्ती असतील तर जिच्याकडे जास्त शेअर तिलाही एकच मत, जिच्याकडे एक शेअर तिलाही एकच मत. दुसऱ्या कंपनीत विलीन व्हायचं तर तो विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो. त्यामुळे याहूवर आला तसा प्रसंग जशाच्या तसा आपल्यावर येणार नाही. पण मागणी दुसऱ्या रूपात येते. कुणी म्हणतं, सगळा माल आम्हालाच द्या. कुणी म्हणतं, माल तुमचा, पण नाव आमचं लावा. कुणी मसाल्याची कृतीच मागतं. कुणी म्हणतं, दूध संकलन केंद्र आम्ही चालवतो, तुम्ही फक्त दूध घाला. भाव चांगला असतो. दोन-चार वर्षांनी दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नसतं, मग भाव तो ठरवतो.

अशी मागणी प्रत्येक वेळी नाकारावी, असं आम्ही म्हणत नाही. चांगला भाव नाकारणं हीदेखील चूक ठरू शकते. आमचं म्हणणं एवढंच, की उत्तर देण्याआधी चार गोष्टी सभेत बसून, वहीत लिहून काढाव्यात.

पहिली, आपल्याकडे काय काय आहे. यंत्र आणि माल दिसतो. पण आपलं नाव, आपली बांधलेली गिऱ्हाइकं, आपल्या हाताची चव आणि कुठे गुंतवलेले पैसे, हेही लिहा. गाभण म्हशीचा भाव भाकड म्हशीसारखा होऊ देऊ नका.

दुसरी, विकत घेणाऱ्याला यातलं नेमकं काय हवंय. मायक्रोसॉफ्टला गूगलशी लढायला बळ हवं होतं. त्याची गरज कळली की आपलं बळ कळतं.

तिसरी, आपल्यातल्या कुणाला थांबता येईल आणि कुणाला येणार नाही. जिच्या घरी मुलीचं लग्न किंवा आजारपण आहे तिला आजच पैसे हवेत. तिचं मत पदाधिकाऱ्यांच्या आवाजात बुडू नये.

चौथी, नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून आपण काय करणार. कोण कुठलं काम उचलणार, माल कुठे विकणार. हे लिहून निघालं नाही तर नकार नुसता अभिमान राहतो.

पुढच्या मासिक सभेत ही गोष्ट वाचून दाखवा आणि एकमेकींना विचारा, की २००८ साली तुम्ही याहूच्या मंडळात असता तर ३३ डॉलरला काय उत्तर दिलं असतं. एकमत होणार नाही. तरीही प्रत्येकीचं कारण वहीत उतरवा. खरं गिऱ्हाईक दारात येईल त्या दिवशी ती वही कामाला येईल. तोवर भेटू, सख्यांनो, पुढच्या भागात. नमस्कार.